वरोऱ्याचे बाबा आमटे

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याने साठ-एक मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने शंभर किलोमीटर गेले म्हणजे वरोरा लागते. कोळशाच्या जुन्या खाणीमुळे आगगाडी या गावी विदर्भातील पुष्कळ गावांच्या आधी पोचली. ती खाण केव्हाच बंद पडली. मागे उरले ते कापसाच्या बाजाराचे, कचेरीचे आणि चार वकिलांचे एक तालुक्याचे गाव. त्याचे नाव जगाच्या पाठीवर पोचावे असे त्याच्यापाशी स्वतःचे काही नव्हते. ते पोचले ते गावाबाहेरच्या पन्नास एकर खडकाळ जमिनीमुळे आणि ती जमीन मागून घेणाऱ्या एका वकिलामुळे.

मुरलीधर देवीदास आमटे यांच्यावर, म्हणजे बाबांवर, नागपुरात आजवर पुष्कळ व्याख्याने झाली. बाबांचे नाव निघाले की श्रोते मनोमन हात जोडून बसतात, आणि एकदा हात जोडले की प्रश्न विचारण्याची सोय राहत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आज आरती न करता दोन साधे प्रश्न आम्ही हाती घेणार आहोत. वरोऱ्यासारख्या सुखवस्तू गावाला महारोग्याचे एवढे भय का वाटत होते? आणि हे भय घालविण्यासाठी बाबांनी नेमके केले तरी काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्यांच्या मरणापर्यंत जावे लागेल, कारण मरतानाही त्यांनी एक गोष्ट आपल्या रीतीविरुद्ध केली.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घराणे वरोऱ्याजवळच्या गोरजे गावचे जमीनदार, वडील सरकारी नोकरीत. पैशाला तोटा नव्हता. शिक्षण नागपुरास झाले, कायद्याची पदवीही येथलीच. तरुणपणीचे बाबा आजच्या श्रोत्यांना ओळखू येणार नाहीत. जंगलात शिकार करावी, स्वतःची मोटार पिटाळावी, इंग्रजी बोलपट पाहून त्यांची परीक्षणे इंग्रजी मासिकाला धाडावीत, ग्रेटा गार्बोसारख्या नटीशी पत्रव्यवहार करावा, असा सगळा थाट होता. एका दिवाळीत वडिलांनी दिलेली मूठभर नाणी या मुलाने एका आंधळ्या भिकाऱ्याच्या डब्यात ओतली, तेव्हा डबा एकदम जड झालेला पाहून तो भिकारी काकुळतीने म्हणाला की, बाबा रे, मी गरीब आहे, माझ्या डब्यात दगड टाकू नकोस, अशी एक आठवण सांगतात. दान हातात पडले तरी ते दान आहे हे घेणाऱ्याला खरेही वाटू नये, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात राहिली असली तर नवल नाही.

वकिली त्यांनी प्रथम दुर्ग येथे आणि मग वरोऱ्यास केली. ती चांगली चालली, आणि चांगली चालली म्हणूनच खुपू लागली. पंधरा मिनिटे बोलून आपल्याला पन्नास रुपये मिळतात आणि शेतातल्या मजुराला दिवसभर राबून एक रुपयाही मिळत नाही, हा हिशेब त्यांना जुळेना. १९४२ साल आले. चिमूर वरोऱ्याच्या शेजारचेच. पकडलेल्या लोकांच्या बाजूने वकील उभे करण्याची खटपट त्यांनी केली, आणि काही दिवस तुरुंगही पाहिला. वर्धा-सेवाग्राम जवळच, तेथे गांधीजी आणि विनोबा. आगगाडीत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना हे एकटे आडवे गेले. ही हकीगत कळल्यावर गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले, ते प्रसिद्धच आहे. हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढच्या गोष्टीत तो बाबांच्या अंगावर उलटणार आहे.

वरोऱ्याच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. तेव्हा पायखाने पाटीचे होते. मैला डोक्यावरून वाहणाऱ्या भंग्यांनी पगारवाढीची मागणी केली. त्या वादात, एकदा तुम्हीच हे काम करून पाहा म्हणजे कळेल, असे आव्हान निघाले. उपाध्यक्षांनी ते खरोखरच स्वीकारले आणि काही महिने घरोघरचा मैला डोक्यावर वाहिला. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना काय वाटले असेल याची कल्पना नागपूरकरांना सहज करता येईल; वकीलसाहेबांना मागल्या दाराने येताना पाहण्याची सवय कोणाला असते?

या कामावर असतानाच एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला त्यांना एक गाठोडे दिसले. ते हलले. तो तुळशीराम नावाचा महारोगी होता, शेवटल्या अवस्थेतला. हाताची बोटे गेलेली, जखमांतून किडे. बाबा पळाले. घरी जाऊन त्यांनी दार लावून घेतले असेल-नसेल, पण मन काही मिटेना. गांधीजींनी ज्याला अभयसाधक म्हटले तो गोऱ्या सोजिरांना भ्याला नाही आणि एका मरणाऱ्या माणसाला भ्याला. ते परत गेले, त्याच्यावर तट्ट्याचे छप्पर घातले, त्याला अन्न भरविले. तुळशीराम वाचला नाही. पुढे बाबा सांगत की, आपण कुष्ठरोग्यांच्या सेवेला लागलो ते दयेने नव्हे, स्वतःच्या भीतीची लाज वाटली म्हणून. आमच्या मते त्यांच्या सगळ्या चरित्रातील सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच आहे. दयेचा पान्हा फार वेळ टिकत नाही. लाज मात्र जन्मभर पुरते.

येथे थोडे थांबून या रोगाविषयी बोलले पाहिजे, कारण भीती कशाची हे कळल्यावाचून पुढचे कळणार नाही.

महारोग, रक्तपिती, कुष्ठ अशी त्याची नावे. पूर्वजन्मीचे पाप, रक्तातला दोष, कुळाचा डाग, अशा त्याच्याविषयीच्या समजुती आपण सगळ्यांनी घरी ऐकल्या आहेत. १८७३ साली नॉर्वेतील हॅन्सन या डॉक्टराने या रोगाचा जंतू दाखविला आणि पाप व कूळ या दोन्ही गोष्टी शास्त्राच्या दृष्टीने निकालात निघाल्या. हा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, परंतु फार मंद. एकाचे दोन होण्यास त्याला बारा-चौदा दिवस लागतात. पटकीचा जंतू तेवढ्या वेळात गाव ओस पाडतो. याच मंदपणामुळे अंगात शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. आणि शंभरांतील पंचाण्णव माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची उपजत शक्ती असते. त्यांच्या बाबतीत तो शिरून हार खातो. म्हणजे संसर्गजन्य रोगांत हा बहुधा सर्वांत कमी संसर्ग करणारा रोग, आणि भय मात्र सर्वांत मोठे.

मग बोटे झडतात ती कशी? वस्तुतः बोटे झडत नाहीत. या जंतूला शरीरातील थंड जागा मानवतात. म्हणून नाक, कान, हात, पाय या ठिकाणी तो वस्ती करतो आणि कातडीजवळच्या ज्ञानतंतूंत शिरतो. तंतू मेला की तेवढ्या भागाची संवेदना जाते. ज्याच्या हाताला चटका कळत नाही तो तापलेले भगुणे तसेच उचलतो. ज्याच्या पायाला काटा कळत नाही तो त्या काट्यावर दिवसभर चालतो. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि हाड आतल्या आत झिजून बोट आखूड होत जाते. पापण्यांचा तंतू गेला तर डोळा मिटत नाही, आणि न मिटणारा डोळा धुळीने आंधळा होतो. आपण ज्याला महारोगाचे रूप म्हणून घाबरतो ते बहुतांशी वेदना न कळल्यामुळे झालेल्या इजांचे रूप असते. ज्या देणगीला आपण रोज शिव्या देतो ती, दुखण्याची देणगी, या माणसांपासून हिरावलेली असते. आणि गंमत अशी की, झिजलेल्या हातांचा जो माणूस पाहून आपण रस्ता ओलांडतो त्याच्या अंगात तोवर पुष्कळदा जंतू उरलेलाही नसतो.

बाबांच्या सुदैवाने काळ बदलत होता. १९४१ साली अमेरिकेतील कार्व्हिल येथे सल्फोन जातीच्या औषधाचा गुण प्रथम दिसला आणि १९५० च्या सुमारास डी. डी. एस. ही स्वस्त गोळी हाती आली. त्यापूर्वी कडू कवठीच्या तेलाची दुखरी टोचणी हाच उपाय होता. बाबा कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या शाळेत हे शिकून आले. त्या शाळेत एक गोष्ट घडली. हा जंतू काचेच्या नळीत वाढत नाही, प्राण्याच्या अंगातही तेव्हा वाढविता येत नव्हता, म्हणून संशोधन अडते, असे शिक्षकांकडून कळताच बाबांनी आपले शरीर पुढे केले. त्यांना जिवंत जंतू टोचण्यात आले. रोग झाला नाही. पंचाण्णवांतील ते एक निघाले. पुढे १९६० साली उंदराच्या पंजात आणि १९७१ साली आर्माडिलो या दक्षिण अमेरिकेच्या बाजूच्या खवल्यांच्या प्राण्यात हा जंतू वाढविता आला आणि संशोधनाची वाट मोकळी झाली. आपले अंग टोचून घेण्याच्या या प्रकाराला आम्ही धाडस म्हणू. घरी पत्नी आणि दोन लहान मुले असताना शहाणपण म्हणावयास जीभ रेटत नाही.

या पत्नीविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. त्या आपल्या नागपूरच्या, घुले घराण्यातील इंदू. बाबा एका लग्नाच्या निमित्ताने त्यांच्या घरी आले, तेव्हा या मुलीला पाहुण्यांची नजर चुकवून म्हाताऱ्या मोलकरणीची धुणी धुऊ लागताना त्यांनी पाहिले. १८ डिसेंबर १९४६ रोजी लग्न झाले आणि इंदूच्या साधनाताई झाल्या. सोवळ्याओवळ्याच्या घरातून निघालेली ही मुलगी चार-पाच वर्षांत महारोग्यांच्या वस्तीत गाई धारेला बसविताना दिसते. बाबांवर लिहिणारे साधनाताईंना ‘सहधर्मचारिणी’ या एका शब्दात गुंडाळतात. वस्तुतः बाबांचा संताप, त्यांचे एकाएकी घेतलेले निश्चय आणि शे-दोनशे माणसांची चूल, ही तिन्ही ओझी एकाच वेळी वाहणे हे स्वतंत्र कर्तृत्व आहे. त्यांनी ‘समिधा’ या पुस्तकात ते सांगितलेही आहे, आणि फार हळू आवाजात सांगितले आहे.

विदर्भात हे काम अगदी नवे होते असे नाही. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरेशास्त्री या कुष्ठपीडित पंडितांची स्वतः शुश्रूषा केली होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण विनोबांच्या प्रेरणेने बसले होते. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. मिशनऱ्यांचे काम तर आणखी जुने. इतक्या थोड्या मुलुखात इतकी माणसे एकाच रोगाच्या मागे लागावीत, हा विदर्भाचा मोठेपणा म्हणावा की रोगाच्या फैलावाचा पुरावा, हे ज्याने त्याने ठरवावे. बाबांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, वरोऱ्याभोवतीच्या खेड्यांतून आठवडी दवाखाने चालविले, आणि १९५१ साली सरकारकडून मिळालेल्या त्या पन्नास एकरांत जाऊन राहिले. भांडवल म्हणजे सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. नाव ठेवले आनंदवन. विनोबांच्या हस्ते प्रारंभ झाला.

जमीन कशी होती? वर झुडपे, खाली खडक, मधून विंचू आणि साप. पहिले काम विहिरीचे. ज्यांच्या हातांना बोटे नाहीत त्यांनी पहारीने खडक फोडावयाचा, तोही विदर्भाच्या उन्हाळ्यात. येथे बाबांची खरी शोधक बुद्धी दिसते. बोटे नसलेला हात पहार धरू शकत नाही, पण दोन माणसांचे दोन अपुरे हात मिळून ती धरू शकतात. ज्याचे पाय गेले त्याला बसून करण्याचे काम. ज्याचे डोळे गेले त्याला हातांनी चाचपून करण्याचे. कोणालाही आराम करावयास सांगितले नाही. पुष्कळांना हे निष्ठुर वाटे. परंतु दानाने माणूस निकामी होतो आणि कामाने उभा राहतो, हा बाबांचा सिद्धान्त होता. भिक्षेच्या पैशावर जगणाऱ्या रोग्याचा आपल्या व्रणाशीच व्यापार चालू होतो. व्रण बरा झाला तर मिळकत बुडते. जो विहीर खणतो त्याला मात्र आपला व्रण बरा व्हावा असे वाटू लागते, कारण उद्या पुन्हा पहार धरावयाची असते. औषध गोळीत होतेच. पण गोळी वेळेवर घेण्याची इच्छा कोठून आणावयाची, हा प्रश्न कोठल्याही दवाखान्याला सुटलेला नव्हता. तो त्या विहिरीने सोडविला.

पाणी लागले. भाजी झाली, ज्वारी झाली, दूध झाले. तीन-चार वर्षांत खाऊन उरू लागले. आणि मग खरी अडचण आली. वरोऱ्याच्या बाजारात ही भाजी कोणी घेईना.

श्रोतेहो, या जागी क्षणभर स्वतःला उभे करून पाहावे. भाजी ताजी, भाव वाजवी, आणि ज्याने ती पिकविली त्याचा रोग भाजीतून जात नाही हे डॉक्टर सांगत आहेत. तरी हात पुढे होत नाही. आम्ही दुसऱ्या कोणाला नावे ठेवीत नाही. आमच्याच घरी फार पुढच्या काळात आनंदवनचे म्हणून आलेले एक सतरंजीचे पार्सल आठवडाभर उन्हात ठेवून मगच आत घेतले गेले होते, आणि ते ठेवणारे घरातले सर्वांत शिकलेले गृहस्थ होते. व्याख्यानाला टाळ्या वाजविणे निराळे आणि वांगी विकत घेणे निराळे.

गाठ सुटली ती अनपेक्षित दिशेने. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांच्या एका संघटनेचे निरनिराळ्या देशांतील पन्नासएक तरुण-तरुणी सेवाग्रामला आले होते. ते आनंदवनात येऊन राहिले, विटा वाहू लागले, दवाखान्याची इमारत बांधू लागले, आणि रोग्यांनी पिकविलेले अन्न त्यांच्या पंक्तीला बसून जेवू लागले. वरोऱ्याचे लोक प्रथम गोऱ्या माणसांना पाहावयास म्हणून आले. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की हे लोक खातात आणि त्यांना काही होत नाही. त्यानंतर भाजी खपू लागली, दूध खपू लागले. आपल्या वकीलसाहेबांच्या शब्दाने आणि शास्त्राच्या ग्वाहीने जे झाले नाही ते परक्या देशाच्या पोरांनी तीन महिन्यांत जेवून दाखविल्याने झाले. हे आम्हांस अभिमानाने सांगता येत नाही, पण सांगितल्यावाचूनही राहवत नाही.

बाबांनी यावरून जो धडा घेतला तो मात्र फार दूरदृष्टीचा होता. रोग्यांनी गावात जावे यासाठी गावाच्या विनवण्या करण्यापेक्षा, गावालाच आनंदवनात येण्याचे कारण निर्माण करावे. १९६० नंतरच्या दशकात आनंदवनच्या भूमीवर आनंद निकेतन महाविद्यालय निघाले. वरोऱ्याच्या आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांना पदवीसाठी नागपूर गाठावे लागत असे. ती मुले आता महारोग्यांनी दिलेल्या जमिनीवर, रोगमुक्तांच्या वस्तीला लागून असलेल्या वर्गांत शिकू लागली. पुढे शेतकी महाविद्यालय, अंधांची शाळा, अपंगांसाठी हस्तकलेचे शिक्षण. समाजाने ज्यांना टाकले त्यांनी समाजाच्या मुलांना कॉलेज द्यावे, असा हा उलटा व्यवहार. देणारा कोण आणि घेणारा कोण, याची अदलाबदल झाली की भीतीला उभे राहावयास जागा राहत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे बाबांचे सर्वांत मोठे काम दवाखाना नसून ही अदलाबदल आहे.

दान नको म्हणणाऱ्या या संस्थेला देणग्या लागल्याच, हेही सांगितले पाहिजे. पु. ल. देशपांड्यांसारख्यांनी लेखणीने आणि पैशाने तिला मोठा हात दिला. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला आनंदवनाची वाट दाखविणाऱ्यांत त्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. परदेशी मदतही आली. याला कोणी विसंगती म्हणतात. बाबांचा विरोध माणसाच्या तळहातावर ठेवलेल्या आण्याला होता. अवजारासाठी, विहिरीसाठी, छपरासाठी आलेला पैसा ते घेत. हा भेद बारीक आहे आणि प्रत्येक वेळी तो नेमका पाळला गेला असेल असे नाही. पण भेद आहे.

यापुढचा भाग श्रोत्यांच्या अधिक परिचयाचा म्हणून आम्ही भरभर जातो. मूल तालुक्यातील सोमनाथचा प्रकल्प आणि तेथील तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या रानात हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प, ज्यासाठी धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश व सूनबाई डॉ. मंदाकिनी जाऊन बसल्या. थोरले डॉ. विकास आनंदवनात. १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार, १९८८ चा राष्ट्रसंघाचा मानवी हक्क पुरस्कार, १९९० चा टेम्पलटन. मणक्याच्या विकाराने बाबांना बसता येईनासे झाले होते. एक तर उभे राहावयाचे, नाही तर आडवे. अशा स्थितीत सत्तरी उलटल्यावर त्यांनी तरुणांना घेऊन १९८५ च्या अखेरीस कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. ते गाडीत आडवे आणि तरुण सायकलींवर.

१९९० साली बाबा आनंदवन सोडून मध्य प्रदेशात कसरावद येथे नर्मदेच्या काठी राहावयास गेले, धरणाला विरोध म्हणून. पद्म पुरस्कारही परत केले. वरोऱ्यात, नागपुरात आणि गुजरातेत तर फारच, या गोष्टीने त्यांची जुनी माणसे दुखावली. ज्यांनी वर्षानुवर्षे आनंदवनाला मदत केली त्यांतले काही तुटले. दहाएक वर्षे ते तेथे राहिले. धरण झाले, २०१७ साली ते पूर्ण होऊन राष्ट्राला अर्पणही झाले. बाबांच्या आयुष्यातील हा पराभव आहे आणि तो पराभव म्हणूनच सांगावा. धरणाच्या लाभहानीचा वाद येथे काढण्याचे कारण नाही. परंतु उपाध्यक्ष असून मैला वाहणारा मनुष्य आणि शहात्तराव्या वर्षी बुडणाऱ्या गावात जाऊन राहणारा मनुष्य हे दोन नाहीत. पहिल्याला हार घालावयाचा आणि दुसऱ्याला म्हातारचळ म्हणावयाचे, हे आम्हांला जमणारे नाही.

आजाराने ते परत आनंदवनात आले. रक्ताचा कर्करोग निघाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी पहाटे, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ज्या वस्तीत सहा रोगी घेऊन ते आले होते त्याच वस्तीत त्यांचे देहावसान झाले. तोवर तेथे हजारो माणसांचे गाव वसले होते.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि दुसरी गोष्ट अशी की, ओडिशातील नगरपालिका कायद्याप्रमाणे कुष्ठरोग्याला नगरसेवक होता येत नाही, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली, मात्र विधिमंडळाने तिचा फेरविचार करावा असेही सुचविले. नगरपालिकेचा एक उपाध्यक्ष कुष्ठरोग्यांच्या मागे गेला आणि साठ वर्षांनी कुष्ठरोगी नगरपालिकेत येऊ शकत नाही असे कळले! भिकारी महारोग्यांना पकडून कोंडण्याचा १८९८ चा इंग्रजी कायदा पुस्तकातून गेला तो २०१६ साली. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठ झाले तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येई. ते कलम गेले २०१९ साली. औषध मात्र या सगळ्यांच्या फार आधी तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली तीन औषधांची एकत्र योजना सांगितली, तिने सहा महिने ते वर्षभरात रोगी जंतुमुक्त होतो, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांत एकाहून कमी रोगी, असे प्रमाण आल्यावर निर्मूलन झाले असे जाहीर झाले. ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकून आपण सैलावलो. परंतु आजही जगातील नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, आणि चंद्रपूर-गडचिरोली हा आपलाच मुलूख त्यात आहे. अंगावर फिकट चट्टा आला आणि त्या जागी पिसाचा स्पर्श कळेना, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. तंतू एकदा मेला की कोणतीही गोळी तो जिवंत करीत नाही.

आता ती मरणाची गोष्ट. बाबांनी आपल्या देहाला अग्नी देऊ नये, तो मातीत पुरावा, असे सांगून ठेवले होते. लाकूड जाळू नये, देह झाडांच्या उपयोगी पडावा, हे त्यांचे कारण. त्याप्रमाणे आनंदवनाच्या मातीत त्यांना ठेवण्यात आले. ही बातमी आली तेव्हा नागपुरातल्या काही घरांत कुजबूज झाली. आपल्याकडे पुरण्याची चाल कोणासाठी? संन्याशासाठी, दात न आलेल्या मुलासाठी, आणि पुष्कळ ठिकाणी महारोग्यासाठी. अग्नीलाही त्याचा विटाळ होतो असे मानीत. म्हणून गावाच्या मसणवट्यात त्याला चिता मिळत नसे, कोठेतरी बाजूला खड्डा मिळे. बाबांनी पर्यावरणाचे कारण सांगितले, आणि ते खरेच होते. परंतु ज्यांची बोटे झिजली होती, ज्यांनी त्यांच्याबरोबर विहीर खणली होती, आणि ज्यांच्या भाऊबंदांना पिढ्यान्‌पिढ्या खड्डाच मिळाला होता, ती माणसे त्या दिवशी तेथे उभी होती. त्यांना त्या खड्ड्याचा अर्थ समजावून सांगावा लागला असेल असे आम्हांस वाटत नाही.

साधनाताई त्यानंतर तीन वर्षे होत्या. ९ जुलै २०११ रोजी त्या गेल्या, आणि त्यांनाही आनंदवनातच, बाबांच्या शेजारी जागा मिळाली.